टेलिटेक्स्ट उघडत नाही? या चुका टाळा

टेलिटेक्स्टचं, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर बातम्या, स्कोअर असा मजकूर दाखवणाऱ्या सेवेचं, पान लगेच आलं नाही की आपण तेच बटण दाबत सुटतो. पहिली चूक इथेच होते. ही पानं मागितली की येत नाहीत. चॅनलच्या प्रक्षेपणाबरोबर ती एकामागून एक सतत फिरत असतात आणि आपलं पान समोर आलं की टीव्ही ते उचलतो. बीबीसीचं टेलिटेक्स्ट, सीफॅक्स, १९७४ साली सुरू झालं ते याच चक्रावर. ते २०१२ साली बंद पडलं, पण डिजिटल सेवांनी चक्र सोडलेलं नाही. पानांचे क्रमांक १०० ते ८९९. समजा ३०१ टाकलंत, धीर सुटला आणि पुन्हा ३ दाबलंत. आता टीव्ही उरलेल्या दोन आकड्यांची वाट बघत बसतो, आणि आपण टीव्हीची!

सगळ्यात जास्त फसगत सेट टॉप बॉक्सवाल्यांची होते. बॉक्स एचडीएमआय केबलने जोडलेला असेल, तर टेलिटेक्स्टचा डेटा टीव्हीपर्यंत पोहोचतच नाही, फक्त चित्र आणि आवाज येतो. त्यामुळे टीव्हीच्या रिमोटवरचं टेक्स्टचं बटण कितीही दाबा, काही होणार नाही. बॉक्सचा रिमोट घ्या. बॉक्समध्ये सोयच नसेल, तर अँटेनाची वायर थेट टीव्हीला लावून बघा.

लाल बटणाने उघडणारी नवी सेवा, म्हणजे एचबीबीटीव्ही, हा वेगळा प्रकार आहे. तिची बरीचशी पानं इंटरनेटवरून येतात. चॅनल लावल्यावर लाल बटणाची खूण यायला काही सेकंद लागतात, तेवढं थांबा. खूण येतच नसेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ही सेवा बंद आहे का आणि नेट जोडलेलं आहे का, ते बघा.

होल्ड बटणाने मलाही एकदा चांगलंच गंडवलं. स्कोअरच्या पानाला चार उपपानं होती, ती आपोआप पालटायची. नीट वाचता यावं म्हणून मी होल्ड दाबलं आणि विसरलो. कोपऱ्यातलं घड्याळ चालू, म्हणून पानही ताजंच असणार असं धरून बसलो. सामना संपला तरी माझ्याकडे पहिल्याच तासाचा स्कोअर! ते घड्याळ आत्ताची वेळ दाखवतं, पान कधी बदललं ते नाही. होल्ड काढा, उपपानं पुन्हा फिरू लागतील.

अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर रिमोटला दोष देऊ नका. मेनूमध्ये टेलिटेक्स्टची भाषा चुकीची निवडलेली असते. पण शब्दांमधली अक्षरंच गळत असतील, तर सिग्नल तपासा.

सबटायटलचं पान प्रत्येक चॅनलचं वेगळं असतं: जर्मनीत एआरडीवर १५०, झेडडीएफवर ७७७. एका चॅनलचा आकडा दुसऱ्यावर चालेलच असं नाही. आणि हे पान उघडलं तरी कुणी बोलत नसेल तेव्हा पडद्यावर नुसतं चित्रच दिसतं. बिघडलं समजून बंद करू नका, पुढचं वाक्य येऊ द्या.