पत्र्याच्या शेडवर टर्बो व्हेंटिलेटर बसवताना

मे महिन्यात मुंबईत साकीनाक्याला मेहुण्याच्या गाळ्यात गेलो. छतावर दोन टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे आतली गरम हवा बाहेर सोडणारे पात्यांचे घुमट, गरगर फिरतायत आणि खाली शिलाईची पोरं घामाने निथळतायत. शटर अर्धं खाली, खिडक्यांना पुठ्ठे. आत यायलाच वाट नाही, तर हवा वर जाणार कुठून?

म्हणून छताला भोक पाडण्याआधी खालची वाट करा. २४ इंची व्हेंटिलेटरचं तोंड जेमतेम ३ चौरस फुटांचं असतं. प्रत्येक नगामागे निदान तेवढी मोकळी जागा भिंतीत खालच्या बाजूला हवी. तिथे लावलेल्या जाळीच्या तारा जागा खातात, तेव्हा चौकट मोठीच घ्या. दुपारचे खारे वारे पश्चिमेकडून येतात, ती भिंत मिळाली तर उत्तम. पण पावसाची झडही तिकडूनच येते, वर छोटी छपरी काढा.

व्हेंटिलेटर मोभाजवळ, म्हणजे छताच्या सगळ्यात उंच कण्याजवळ बसवा, गरम हवा तिथेच साठते. शेजारच्या टॉवरच्या आडोशाला नको. छत जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर ग्राइंडर लावूच नका. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुप्फुसात जाते. शिवाय असा पत्रा पायाखाली फुटतो.

बेस प्लेट, म्हणजे व्हेंटिलेटरखालची बैठक, पत्र्याच्या पन्हळीशी जुळणारी घ्या. वरची कड मोभाच्या टोपीखाली सरकवायची, खालची पत्र्यावर येऊ द्यायची. उलट झालं की पाणी थेट आत. जुलैत सांताक्रूझला सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर राहू नका. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, रबरी वॉशर लावून, पन्हळीच्या उंचवट्यावर मारा. साधे खाऱ्या हवेत लवकर गंजतात.

मग व्हेंटिलेटरची मान (बैठकीवरची गोल नळी) फिरवून, पाणसळ लावून, त्याचं फिरतं डोकं ओळंब्यात आणा. तिरकं राहिलं तर बेअरिंग एका अंगाने झिजतं आणि रात्रभर कुरकुरतं.

आता आतून शिडीवर चढून व्हेंटिलेटरच्या तोंडाखाली अगरबत्ती धरा. धूर सरळ वर ओढला गेला तर जमलं. रेंगाळला तर खालची जाळी वाढवा. लोक नेमका इथे तिसरा नग विकत आणतात. नुसतं फिरणं बघून खूश होऊ नका, पाती बाहेरचा वाराही फिरवतो.

एवढं करून गाळा बाहेरच्या हवेपेक्षा गार होणार नाही. पत्र्याची झळ वेगळीच, तिच्यासाठी वरून पांढरा रंग मारावा लागतो.

मेहुण्याचे पुठ्ठे उंदरांसाठी होते म्हणे. आता तिथे बारीक जाळी आहे.