अल्ट्रासोनिक क्लीनर नीट चालतोय का, फॉइल लावून बघा

चष्मा, दागिने धुवायचा तो छोटा क्लीनर घरी असेल तर हे करून बघाच. टाकीत कोमट पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाका आणि आधी दहा मिनिटं मशीन आत कुठलीही वस्तू न ठेवता चालवा. मशीनच्या ध्वनिलहरींनी पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि पाण्यात विरघळलेली हवा निघून गेली नाही तर ते मऊ फुटतात, जोरच लागत नाही.

आता किचनमधल्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा उभा धरा, तळाला टेकवायचा नाही, बोटं पाण्याबाहेर, आणि मिनिटभर मशीन चालू. मग फॉइल उजेडासमोर धरून बघा, बारीक टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतील! मोकळ्या पाण्यात बुडबुडा साधारण सगळीकडून सारखा आकसतो, पण शेजारी भिंत असली की त्या बाजूने पाणी पुरेसं येत नाही, मग लांबची बाजू आत घुसते आणि पाण्याची बारीक पिचकारी थेट भिंतीवर बसते. मळ निघतो तो बराचसा यानेच, आणि फॉइल फाटतं तेही बरंचसं यानेच. जहाजाचे पंखे असेच खड्डे पडून खराब व्हायचे, म्हणून लॉर्ड रेले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये बुडबुडा मिटण्याचं गणित मांडलं.

४० किलोहर्ट्झचं मशीन असेल तर कधीकधी साधारण दोन-दोन सेंटीमीटरवर भोकांचे पट्टे दिसतात, ते अंतर म्हणजे पाण्यातल्या ध्वनिलहरीची अर्धी लांबी. म्हणजे जोर सगळीकडे सारखा नसतो, म्हणून वस्तू जाळीत ठेवून मधूनमधून हलवा. मोती, पाचू अजिबात टाकू नका हां.