हॅम घालून वाटाण्याच्या डाळीचं घट्ट सूप, बोटीवर शिकलेलं

जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद असतात, ताजा मासा मिळाला तर मिळाला, सुके बांगडे आणि सोडे किती दिवस खाणार, आणि बाहेर पाऊस असा धरलेला असतो की दुपारी चारला घरात दिवा लावावा लागतो. अशा दिवसात आमच्याकडे शिरोड्यात मी हे सूप लावतो. लावतो म्हणजे खरंच लावतोच, सकाळी टोप चढवायचा आणि दुपारपर्यंत त्याच्याकडे येत-जात राहायचं, घाईचं काम नाही हे.

मी बरीच वर्षं बोटीवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात होतो, शेवटी चीफ कुक. हे सूप मला एका डच चीफ इंजिनियरने शिकवलं, रॉटरडॅमला जानेवारीच्या थंडीत. त्यांच्याकडे याला स्नर्ट म्हणतात आणि त्यात चमचा उभा राहिला तर ते नीट झालं असं समजतात. पुढे स्वीडिश लोकांबरोबर काम केलं तेव्हा कळलं त्यांच्याकडे पिवळ्या वाटाण्याचं सूप दर गुरुवारी ठरलेलं आणि मागून पॅनकेक. कॅनडात क्यूबेकचे फ्रेंच लोकसुद्धा पिवळ्याचंच करतात. जुन्या ब्रिटिश आरमारात खलाशांना जो शिधा मिळायचा त्यातही सुके वाटाणे आणि खारवलेलं डुकराचं मांस असायचंच, कारण दोन्ही महिनोन् महिने टिकतात. म्हणजे मूळचं हे दर्यावरच्या आणि थंडीतल्या गरीब माणसाचं जेवण, हॉटेलचं नाही. पहिल्यांदा घरी केलं तेव्हा आये चाखून म्हणाली, "ह्यां काय मरे, वरणच तां!" तिचं बरोबर होतं. डाळ, पाणी, हाड आणि वेळ, एवढंच आहे यात. म्हणून विलायती म्हणून बिचकू नका, पण मालवणी मसालाही टाकू नका, त्याची जागा काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात आहे, इथे त्याने धुराचा वास पार मरतो.

आधी डाळीचं बोलतो कारण निम्मं सूप तिथेच ठरतं. लागते ती वाटाण्याची डाळ, सालं काढून दोन फाका केलेली, हिरवी किंवा पिवळी. हिरवी जरा गोडसर, पिवळी सौम्य, मला हिरवी आवडते. पिवळी घेताना दुकानात नीट बघून घ्या, चण्याच्या डाळीशेजारी ठेवलेली असते आणि घाईत चुकायला होतं. वाटाण्याची फाक गोटी मधोमध कापल्यासारखी गोल आणि गुळगुळीत असते, चण्याची डाळ जरा वेडीवाकडी, खडबडीत. अख्खे सुके हिरवे वाटाणे म्हणजे ही डाळ नव्हे, त्यांना साल असतं, रात्रभर भिजवावे लागतात आणि तरी तसे विरघळत नाहीत. डाळ मात्र भिजवायची गरज नाही, दोन-तीन पाण्यात धुवा, खडे बघा, बास.

आणि डाळ जुनी नको. एका वर्षी मी पावसाळ्याच्या शेवटी इथल्याच एका दुकानातून अर्धा किलो आणली, तीन तास उकळली तरी दाताखाली कचकच, सगळा टोप फुकट गेला, आतलं हाडसुद्धा. नंतर समजलं की कडधान्य उष्ण आणि दमट हवेत बरेच महिने पडून राहिलं की त्याच्या आत बदल होतात आणि मग कितीही शिजवलं तरी ते मऊ होत नाही. आपल्या कोकणात तर दोन्ही गोष्टी फुकट आहेत, उकाडाही आणि दमटपणाही. म्हणून मी आता मे महिन्यात ताज्या मालातली डाळ आणतो, एक दिवस उन्हं देतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवतो. पाण्याचंही तसंच आहे. आमच्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी हलकं, त्यात डाळ छान शिजते, पण खाडीकाठच्या ज्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात त्यांचं पाणी घेऊ नका, जड पाण्यात डाळ अडते. अगदीच इलाज नसेल तर चिमटीभर खायचा सोडा चालतो, चिमटीच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

आता हॅम. हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी मिठात मुरवून आणि बरेचदा धुरी देऊन टिकवलेली. सुपाला त्यातला महागडा कापांचा भाग नको, गुडघ्याखालचा नळीचा तुकडा पाहिजे, त्याला हॅम हॉक म्हणतात. त्यात मांस कमी, पण कातडं, शिरा आणि हाड भरपूर, आणि हळूहळू शिजताना त्या शिरांचं जिलेटिन होतं, पायाच्या सुपासारखं ओठाला चिकटणारं, तोच या सुपाचा जीव आहे. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो की तिथल्या कोल्ड स्टोअरवाल्याकडून आणतो, आधी फोन करून सांगितलेलं बरं, दर वेळी असतोच असं नाही. दुसरी सोय म्हणजे नाताळ. ज्यांच्या घरी किंवा ओळखीत नाताळाला हॅम भाजतात त्यांच्याकडे शेवटी मोठं हाड उरतं, ते टाकू देऊ नका, थोडं मांस चिकटलेलं असतानाच पिशवीत बांधून फ्रीजरला टाका, दोन-तीन महिने आरामात राहतं.

हॉक मिळालाच नाही तर ताजी डुकराची नळी घ्या, पाऊण किलोच्या तुकड्याला दोन चमचे जाडं मीठ चोळा आणि रात्रभर फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर नको, आपल्या हवेत बाहेर ठेवलेलं मांस सकाळपर्यंत खराब होतं. सकाळी धुऊन घ्या. याचा रंग गुलाबी येणार नाही, हॅमचा गुलाबीपणा नायट्राइटच्या मिठाने येतो, पण चवीला चांगलं लागतं. धुराची उणीव कशी भरायची ते पुढे सांगतो. गोव्याची चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, घालून पण मी केलंय, मस्त लागतं, पण ती वेगळीच चीज होते, आणि चोरीसमध्ये विनेगर असतं म्हणून ती डाळ पूर्ण शिजल्यावरच घालायची. आंबट लागलं की डाळ शिजायची थांबते, हे आपल्या बायका चिंच-कोकम शेवटी घालतात त्यातलंच.

पाच-सहा माणसांसाठी माझं माप असं, डाळ अर्धा किलो, हॉक पाऊण किलोच्या आसपास, पाणी अडीच लिटर, दोन मोठे कांदे, दोन गाजरं, एक बटाटा, सहा-सात लसणीच्या पाकळ्या, दहा-बारा मिरी, दोन चमचे लोणी. सेलरीचे दोन दांडे मिळाले तर उत्तम, आमच्याकडे मिळत नाहीत तेव्हा कोथिंबिरीचे देठ बारीक चिरून घालतो, चव तीच नाही पण हिरवा वास येतो. तमालपत्राच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, विलायती रेसिपीत जे बे लीफ लिहितात ते दुसऱ्याच झाडाचं पान, आपल्या तमालपत्राला दालचिनीकडे जाणारा वास असतो आणि त्याच्यावर तीन लांब शिरा दिसतात, म्हणून आपलं पान अर्धंच टाका. आणि थाइम नावाचा पाला लागतो तो शोधत फिरू नका. थाइमला जो वास असतो तो थायमॉलचा, आणि तेच थायमॉल आपल्या ओव्यात असतं, चिमूटभर ओवा हातावर चुरडून टाकला की झालं. परसात पानओवा असेल तर त्याचं एक पान, एकच हां, तो फार जोरकस.

हॉक आधी चाखून बघा, म्हणजे कडेचा एक तुकडा पाण्यात उकळून चाखा. फार खारट असेल तर आदल्या रात्री थंड पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं. मग जाड बुडाच्या टोपात हॉक, मोजलेलं पाणी, एक कांदा अर्धा करून, मिरी आणि तमालपत्र. उकळी आली की वर मळकट फेस येतो तो पळीने काढा, आच अगदी मंद करा, नुसते बुडबुडे यायला हवेत, आणि झाकण जरा तिरकं ठेवून दीड ते दोन तास सोडा. बहुतेक लोक इथेच चुकतात, हाड आणि डाळ एकदम चढवतात, मग डाळ तासा-सव्वातासात विरघळून बुडाला लागायला लागते आणि हाड अजून कच्चं असतं. हाड पुढे, डाळ मागून.

त्या दोन तासांत दुसऱ्या कढईत लोण्यावर दुसरा कांदा, लसूण, गाजर आणि देठ मंद परतून घ्या, कांदा लाल करायचा नाही, नुसता मऊ आणि गोड झाला पाहिजे, दहा-बारा मिनिटं लागतात. मांस हाडावरून सुटायला लागलं की उकडलेला कांदा आणि तमालपत्र काढून टाका, ही भाजी, धुतलेली डाळ, ओवा आणि बटाट्याच्या फोडी आत घाला. पाणी आटलं असेल तर गरम पाण्याने भर घाला. मीठ अजिबात नाही. हॅम शेवटपर्यंत मीठ सोडत राहतो आणि सूप आटत जातं, मी बोटीवर नवीन असताना सुरुवातीला मीठ घातलं होतं आणि वीस माणसांचं जेवण खारट झालं, तेव्हापासून शेवटी चाखल्याशिवाय हात लावत नाही.

आता एक तास, कधी सव्वा. पहिला अर्धा तास दहा मिनिटांनी ढवळलं तरी चालतं, नंतर मात्र डाळ फुटायला लागली की लाकडी डवल्याने बुडापासून सारखं ढवळा, कारण आता ती खाली बसते आणि जळते. जळल्याचा वास आलाच तर खरवडू नका, ढवळूही नका, वरचं सगळं अलगद दुसऱ्या टोपात ओता, सूप वाचतं.

घाई असेल तर कुकर चालतो. नुसता हॉक पाण्यात पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, वाफ गेली की डाळ आणि भाजी घालून आणखी बारा-पंधरा. पण वाटाण्याची डाळ प्रचंड फेसाळते आणि फेस शिट्टीच्या भोकात अडकतो, हे धोक्याचं आहे, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, एक चमचा तेल घाला, आणि वाफ आपोआप उतरू द्या. मला स्वतःला टोपातलंच आवडतं.

डाळ विरघळली की हॉक बाहेर काढा, हाताला सोसेल इतका निवला की कातडं आणि हाड बाजूला करून मांस बोटांनी तोडून घ्या, लहान लहान हाडांचे तुकडे असतात ते नीट चाचपून काढा, घरात पोरं असली तर जास्तच. सूप रवीने थोडं घुसळा, मिक्सरला लावू नका, मिक्सरने ते लापशीसारखं सपाट होतं, इथे मधेमधे अर्धी फाक, गाजराचा तुकडा लागायला हवा. मांस परत आत. आता चाखा आणि मग मीठ, ताजी कुटलेली मिरी, आणि सगळ्यात शेवटी एक चमचा माडाचं विनेगर. विनेगर आंबटपणासाठी नाही, हॅमची चरबी आणि डाळीचा जडपणा त्याने हलका होतो. कोकम घालू नका, रंग जातो आणि सार होतं त्याचं.

धुरीचं राहिलं. ताजी नळी वापरली असेल तर नारळाच्या करवंटीचा तुकडा विस्तवावर लाल निखारा होईपर्यंत पेटवा, वाटीत ठेवून ती वाटी सुपावर तरंगती ठेवा, किंवा आत एक स्टँड ठेवून त्यावर, निखाऱ्यावर अर्धा चमचा तूप सोडा आणि लगेच घट्ट झाकण. पाच मिनिटं, जास्त नको, नाहीतर कडू होतं. विलायतेत लाकडाच्या धुरात दिवसचे दिवस लटकवतात त्याची बरोबरी होत नाही, पण करवंटीच्या धुराला आपला एक गोडवा आहे आणि तो या डाळीशी जुळतो.

माझी बायको डुक्कर खात नाही, तिच्यासाठी वेगळ्या टोपात मी बकऱ्याचे दोन पाये घालून हेच करतो. पाये आधी चांगले भाजून, खरवडून, कुकरला मऊ करून घ्यायचे, बाकी सगळं तसंच, शेवटी करवंटीची धुरी. घट्टपणा तोच येतो कारण पायातही तेच जिलेटिन. शेजारच्या मुसलमान दोस्तालाही हेच नेऊन देतो, अर्थात वेगळं भांडं, वेगळा डवला, त्यात तडजोड नाही.

खायला कडक पाव उत्तम, गोव्याकडचे उंडे मिळाले तर सोनं, तव्यावर लोणी लावून भाजायचे. तांदळाची भाकरी पण चालते, आये भाकरीच कुस्करायची.

उरलेलं सूप बाहेर ठेवू नका, दोन तासांच्या आत पसरट भांड्यांत ओतून निववून फ्रिजला, तीन-चार दिवस राहतं. दुसऱ्या दिवशी ते इतकं घट्ट होतं की सुरीने वडी पडेल, बिघडलं म्हणून टाकू नका, जिलेटिन आणि डाळ गोठलेली असते. वाडगाभर सुपाला अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर हळूहळू सोडवा, नीट उकळी येऊ द्या, आणि मग परत चाखून मिरी वाढवा, कारण पाणी घातलं की पहिली मिरीच गायब होते.