विजेतेपदाच्या तोडीचा बास्केटबॉल संघ कसा उभारावा

एनबीएमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, विजेतेपदाच्या तोडीचा संघ उभारायचा असेल, तर आधी असा एक खेळाडू हवा, ज्याच्याभोवती आक्रमणाची सगळी रचना बेतता येईल. आणि तो शक्यतो ड्राफ्टमधून (संघांनी नवोदित खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतून) मिळवावा, कारण नवोदितांचे करार तुलनेने स्वस्त असतात. डेन्व्हर नगेट्सने 2014 मध्ये निकोला योकिचला 41 व्या क्रमांकावर निवडले, 2016 मध्ये जमाल मरेला घेतले आणि घाई न करता दोघांचा मेळ बसू दिला.

त्यानंतर उणिवा नेमक्या हेराव्यात. योकिचच्या पासवर बास्केटकडे झेपावणारा, शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या धिप्पाड फॉरवर्डला रोखणारा खेळाडू हवा होता. म्हणून 2021 मध्ये ॲरन गॉर्डनला अदलाबदलीतून आणले गेले आणि 2023 मध्ये संघाने आपले पहिले एनबीए विजेतेपद पटकावले. माझ्या मते व्यवस्थापनाची खरी पारख अशाच निवडीत होते, कारण चेंडू फारसा हाती न येताही मनापासून खेळणारे गुणी खेळाडू विरळाच.

पगारमर्यादेचेही भान हवे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील 2023 च्या सामूहिक करारानुसार, खर्चाची सर्वांत वरची पातळी ओलांडलेल्या संघाला अदलाबदलीत अनेक खेळाडूंचे पगार एकत्र जोडता येत नाहीत, त्यामुळे राखीव खेळाडूंना दीर्घ मुदतीचे महागडे करार देणे टाळावे.