गोधडीसाठी अंगुस्तान: आधी हात बघा, मग दुकान

आमच्या वेंगुर्ल्याकडे गोधड्या शिवणाऱ्या बऱ्याच बायका अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायची टोपी, घालतच नाहीत. शेजारच्या काकी तर तोंडावर सांगतात, "माका नको ता. बोट आंधळा होता." त्यांचं अगदीच खोटं नाही. न बसणारं अंगुस्तान घातलं की बोटाला काही कळेनासं होतं, आणि दुकानात पहिलं हाताला लागतं ते बहुधा न बसणारंच असतं. पण जुन्या सुती लुगड्यांचे चार-पाच थर, त्यात मध्येच एखाद्या साडीचा काठ आला, की सुईचं नेढं बोटात रुतायला लागतं. मग टाके लांब होतात, कोणी दातांनी सुई ओढतं, आणि अर्धी झालेली गोधडी माळ्यावर जाते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली पहिल्यांदा माप विचारतात. मी म्हणते, माप नंतर. आपलं बोट सुईला नेमकं कुठे रेटा देतं ते आधी बघा.

हे बघायची सोपी रीत अशी. थेंबभर तेलात चिमूटभर कुंकू कालवा आणि ते सुईच्या नेढ्याकडच्या टोकाला लावा. जुन्या कापडाची चौपदरी घडी घ्या आणि दोरा न ओवताच वीतभर धावदोरा घातल्यासारखी सुई चालवा. मुद्दाम नीटनेटकं शिवायला जाऊ नका, रोज शिवता तसंच शिवा. मग मधलं बोट उलटंपालटं करून बघा. कुंकू अगदी शेंड्यावर लागलं असेल तर तुम्ही शेंड्याने ढकलता. नखाच्या कडेला किंवा पेराच्या बाजूला लागलं असेल तर कडेने. काहींच्या तर्जनीलाच कुंकू लागतं. लागू दे, मग अंगुस्तान त्या बोटासाठी घ्यायचं. पुस्तकात मधलं बोट लिहिलंय म्हणून हाताची सवय मोडायचं कारण नाही.

शेंड्याने ढकलणारीला बंद टोपीचं अंगुस्तान हवं. त्यातही माथा घुमटासारखा गोल असण्यापेक्षा सपाट आणि भोवती बारीक कड असलेला मिळाला तर सोडू नका. गोधडीला सुई उभी घुसवावी लागते. गोल माथ्यावरून नेढं घसरतं, सपाट माथ्यावर मात्र ते कडेच्या आत अडकून राहतं. कडेने ढकलणारीने मात्र शिंप्याचं उघडं अंगुस्तान घ्यावं, दोन्ही बाजूंनी मोकळं, रुंद अंगठीसारखं. आपले शिंपीकाका कोटाला हातशिलाई घालताना वापरतात तेच. बोटाचा शेंडा उघडा राहतो, कापड हाताला कळतं, वाढलेलं नखही आड येत नाही. आमच्या काकींची तक्रार याने मिटली असती, पण त्या ऐकतील तेव्हा खरं.

तळहाताने रेटा देणारेही असतात. जपानात साशिको नावाच्या हातशिलाईच्या लांब सुईला बोटाच्या मुळाशी चकती असलेली अंगठी घालतात, आणि जहाजांची शिडं शिवणारे तळव्यावर धातूची चकती बसवलेला चामडी पट्टा बांधतात. आपल्या गोधडीला इतकं लागत नाही.

आता दुकान. तिथे पुड्यातलं एक उचलून पैसे देऊ नका, चार-सहा घालून बघा. शक्यतो दुपारी जा. उकाड्याने बोटं थोडी फुगलेली असतात, आणि सकाळी बसलेलं अंगुस्तान दुपारी करकचतं. घातल्यावर हात खाली सोडून झटका. पडलं तर सैल. शेंडा ठणकायला लागला किंवा पांढरा पडला तर घट्ट. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर किंचित सैल घ्या. आतून चिकटपट्टीचा तुकडा लावून सैल बसवता येतं, घट्टाला इलाज नाही. नंबरावर जाऊ नका. एका कंपनीचा नंबर दुसरीशी जुळतोच असं नाही.

मग खळगे. दिसायला सगळ्यांवर ठिपके असतात, पण काहींचे नुसते छापल्यासारखे उथळ. पर्समध्ये एक सुई ठेवाच. तिचं नेढं खळग्यात टेकवून तिरकं ढकला. अडलं तर चांगलं, सटकलं तर परत ठेवा. शेवटी खालच्या काठावरून अंगठा फिरवा. खरखर लागली तर ती धार तासाभरात बोट कापणार.

आपल्या किनाऱ्यावर धातू कोणता हे जास्त बघावं लागतं. मुलामा दिलेलं लोखंडी अंगुस्तान मुलामा उडेपर्यंत झकास, मग खाऱ्या हवेत गंजतं आणि पांढऱ्या धोतरावर तांबडे डाग उठवतं. अॅल्युमिनियम हलकं, पण मऊ. जाड थरात रेटलं की नेढं हळूहळू आरपार भोक पाडतं. प्लास्टिक पातळ दुपट्याला चालेल. चामड्याचं बोटाला सगळ्यात सुखाचं, पण आषाढात त्यावर बुरशी धरते. घ्यायचंच तर दिवाळीनंतर वापरा आणि मिरगाच्या आधी वाळवून डब्यात बंद करा. मी पितळेच्या बाजूची. वजनदार आहे, टिकतं. घामाने हिरवं पडतं हे खरं, पण कढीतून काढलेलं आमसूल टाकू नका, त्यानेच चोळा. समईसोबत तेही निघतं. नंतर धुऊन, कोरडं पुसूनच बोटात घाला. आमसुलाचा आंबटपणा राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवं.

सुईबद्दल थोडक्यात. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. टोपीवाल्या अंगुस्तानाला आखूड सुई घ्या, कडेने ढकलणारीला लांब चालते. दाभण गोधडीला नको, त्याने जुनं कापड फाटतं. पावसाळ्यात सुया शिलाई मशीनच्या तेलाचं बोट लावलेल्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवा. खोबरेल नको, ते चिकट होतं.

आता चालवायचं कसं. थर आधी लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्या, नाहीतर खालचं लुगडं सरकून गोळा होईल. सुई अंगठा आणि तर्जनीत धरा, नेढं खळग्यात टेकवा आणि सुई सरळ उभी खाली दाबा. डावा हात कापडाखाली असतो. त्याच्या बोटाला टोक निसटतं लागलं की दाब थांबवा. तिथेच सुईचं नेढं मागे खाली झुकवा, खालच्या बोटाने कापड जरा वर उचला, आणि वरच्या अंगठ्याने टाक्याच्या पुढचं कापड दाबा. अंगठ्याच्या मागे छोटा उंचवटा येतो, त्यातून टोक वर येतं. टोक दिसलं रे दिसलं की नेढं पुन्हा उभं करा. असं खाली-वर करत तीन-चार टाके सुईवर घ्या आणि मग अंगुस्तानाने एकदम पुढे रेटा. या सगळ्यात नेढं खळग्यातून हलता कामा नये. तर्जनी-अंगठ्याने सुई धरायची ती सुरुवातीपुरती, नंतर ती खळगा आणि कापड यांच्या पकडीतच झुलते. पहिल्या दिवशी हे हास्यास्पद वाटतं. टाके वाकडेतिकडे येतात. गोधडीवर शिकू नका, चौपदरी घडीवर दोऱ्याशिवाय शिका. अधूनमधून टीव्ही बघताना नुसतं बोटात घालून बसा, म्हणजे बोटाला त्याची सवय होते.

खालच्या बोटाला धातूचं काही घालू नका. टोक लागलेलं कळलंच पाहिजे, नाहीतर टाका खालपर्यंत पोचला की नाही हे कसं समजणार? फार टोचत असेल तर चिकटपट्टीचा एक वेढा द्या. थोड्या दिवसांनी तिथे घट्टा पडतो आणि पट्टी लागत नाही. कापडावर रक्ताचा थेंब पडलाच तर लगेच गार पाण्याने धुवा. गरम पाणी लावलंत तर डाग कायमचा बसतो.

काठावर काठ आला की अंगुस्तानानेही सुई पुढे जात नाही. तिथे जोर करू नका, सुई मोडते. तीन-चार टाके एकदम घेण्याचा हट्ट सोडून एकेकच घ्या, आणि अडकलेली सुई सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यात धरून ओढा. ट्यूब नसली तर फुटलेल्या फुग्याचा तुकडाही चालतो.