‘द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम – १९६३’ मुलांबरोबर कशी वाचावी

अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीच्या काळातली बालकादंबरी मुलांच्या हाती देताना पालक आणि शिक्षक बहुधा आधी गुलामगिरी, मग वर्णभेदाचे कायदे, मग मार्टिन ल्यूथर किंग असा सगळा इतिहास सांगून घेतात आणि त्यानंतर ‘आता वाच’ म्हणतात. ख्रिस्टोफर पॉल कर्टिस यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीसाठी हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण लेखकानेच तो उलटा ठेवला आहे. पुस्तकाच्या पूर्वार्धात चळवळीची चाहूल फारशी लागत नाही. तिथे आहे ते मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरातले एक कृष्णवर्णीय कुटुंब, हाडे गोठवणारी थंडी, दहा वर्षांचा निवेदक केनी, त्याचा तेरा वर्षांचा वांड भाऊ बायरन आणि धाकटी बहीण जोएटा.

साधारण दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी हे पुस्तक योग्य आहे, मात्र मोठ्या माणसाने ते आधी शेवटपर्यंत वाचलेले असावे. पहिली काही प्रकरणे मोठ्याने वाचावीत आणि मुलांना पोटभर हसू द्यावे. गाडीच्या आरशातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाचा मुका घ्यायला गेलेल्या बायरनचे ओठ गोठलेल्या काचेला चिकटून बसतात, तिथे थांबून समजावून सांगण्यासारखे काहीही नाही. इंग्रजीतून वाचून मराठीत सांगत असाल, तर भावंडांची भांडणे घरातल्या अरेतुरेतच सांगावीत. आईला राग आला की तिच्या बोलण्यात माहेरचा, म्हणजे दक्षिणेकडचा, हेल येतो. तो दाखवायला आपल्याकडची एखादी ग्रामीण बोली वापरण्याचा मोह होतो, पण मुले मग बोलीलाच हसू लागतात, म्हणून तो टाळलेला बरा.

बायरनला वळण लागावे म्हणून त्याला अलाबामातील बर्मिंगहॅमला आजीकडे ठेवायचे ठरते, तेव्हा नकाशा काढावा. फ्लिंटपासून ओहायो, केंटकी आणि टेनेसी ओलांडून जाणारा हा रस्ता हजार किलोमीटरहून लांब आहे. या प्रवासासाठी आईने एक वही केली असून कुठे थांबायचे, काय खायचे, कुठे झोपायचे हे तिने आधीच लिहून ठेवले आहे. मुलांना ती वही म्हणजे आईचा काटेकोरपणा वाटतो, आणि पहिल्या वाचनात तसे वाटले तर हरकत नाही. नंतर मात्र त्या वहीशी थोडे रेंगाळावे. दक्षिणेत कृष्णवर्णीय कुटुंबाला वाटेतले हॉटेल खोली नाकारू शकत होते, उपाहारगृह जेवण नाकारू शकत होते, पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृहही बंद असू शकत होते. त्यामुळेच न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ नावाची मार्गदर्शिका काढली आणि कृष्णवर्णीय प्रवाशांना जिथे थारा मिळेल अशी ठिकाणे तीत नोंदवली. हॉटेले आणि उपाहारगृहांतला हा भेदभाव देशभर बेकायदा ठरवणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर २ जुलै १९६४ रोजी, म्हणजे वॉटसन कुटुंबाच्या प्रवासानंतर, स्वाक्षरी झाली. एवढे सांगून झाल्यावर मुलांना त्याच प्रवासाच्या वहीचे एक पान लिहायला सांगावे आणि प्रत्येक थांब्यापुढे ‘इथे आत घेतील का?’ असा रकाना ठेवायला लावावा. दोन-तीन नोंदींतच आईचा काटेकोरपणा कशातून आला आहे हे त्यांना उमगते.

कुटुंब बर्मिंगहॅमला पोहोचल्यावर त्या वर्षाच्या घटना थोडक्यात सांगाव्यात. मे महिन्यात याच शहरात मोर्चा काढणाऱ्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले आणि पाण्याचे जोरदार फवारे मारले; २८ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये विराट मोर्चा निघाला; आणि १५ सप्टेंबरच्या रविवारी सकाळी सिक्स्टीन्थ स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला. त्यात अ‍ॅडी मे कॉलिन्स, कॅरोल रॉबर्टसन आणि सिंथिया वेस्ली या चौदा वर्षांच्या तीन मुली आणि अकरा वर्षांची डेनिस मॅकनेअर मरण पावल्या. कादंबरीतही हा स्फोट येतो आणि त्या सकाळी जोएटा चर्चमध्ये गेलेली असते. वॉटसन कुटुंब काल्पनिक असले, तरी ही घटना खरी आहे, हे मुलांना स्फोटाच्या प्रकरणाच्या आधी सांगावे की नंतर, याबद्दल मतभेद होऊ शकतात. मी नंतर सांगण्याच्या बाजूचा आहे. मूल हळवे असेल, तर ‘जोएटा सुखरूप आहे’ एवढे मात्र आधीच सांगून टाकावे.

ते प्रकरण झोपण्यापूर्वी कधीही वाचू नये. सुट्टीच्या दिवशी दुपारी वाचावे आणि त्याच बैठकीत पुस्तकाच्या शेवटापर्यंत जावे, कारण फ्लिंटला परतलेला केनी सोफ्याच्या मागे दडून बसतो आणि त्याला तिथून बाहेर आणतो तो घरभर उच्छाद मांडणारा बायरनच. हा भाग दुसऱ्या दिवसावर ढकलला, तर मुलाच्या डोक्यात रात्रभर फक्त स्फोट राहतो. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलास?’ असे विचारू नये. बायरन आधीपासूनच असा होता का, एवढा एक प्रश्न पुरतो, आणि त्याचे उत्तर शोधायला मुले आपणहून मागची पाने उलटतात.

‘आपल्याकडे असे होते का?’ हा प्रश्न येतोच. तेव्हा १९२७ सालचा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सांगावा, आणि मुंबईत १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेतले हेही सांगावे. मात्र जात आणि वर्ण एकच आहेत असे भासवू नये.

दुसरा प्रश्न असतो, ‘चर्चमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्यांना पकडले का?’ त्याचे उत्तर लांबले आहे, तरी ते पूर्ण द्यावे. रॉबर्ट चॅम्ब्लिस १९७७ मध्ये, थॉमस ब्लँटन २००१ मध्ये आणि बॉबी फ्रँक चेरी २००२ मध्ये दोषी ठरले. चौथा संशयित हर्मन कॅश मात्र १९९४ मध्ये मरण पावला, तोपर्यंत त्याच्यावर खटला भरला गेला नव्हता.