जुना साइड मिरर घेताय? आधी कपलर बघा

गाडीचा साइड मिरर तुटला की मुंबईत कुर्ल्याला किंवा आपल्या गावच्या भंगार बाजारात जुना, पण कंपनीचा मिरर मिळू शकतो. त्याआधी नीट बघा, फक्त काचच फुटली आहे का? बऱ्याच गाड्यांची नुसती काच वेगळी मिळते. मग अख्खा मिरर घेण्यात अर्थ नाही.

अख्खा घ्यायचा तर दुकानदाराला फक्त ‘स्विफ्टचा द्या’ म्हणू नका. स्विफ्ट 2005 मध्ये आली, 2011, 2018 आणि 2024 मध्ये पूर्ण बदलली. म्हणून आरसी बुकावरचं साल आणि व्हेरियंट, दोन्ही सांगा. डावा-उजवा ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवायचा.

खरी गफलत वायरिंगमध्ये होते. बेसिक मॉडेलचा मिरर हाताने फिरतो, वरच्या मॉडेलमध्ये मोटर, इंडिकेटर, कधी आपोआप मिटण्याची सोयही असते. इंडिकेटर सोडला तर बाहेरून दोन्ही जवळपास सारखेच दिसतात! तेव्हा जुना मिरर काढून सोबत न्या आणि कपलरचा (वायर जोडायच्या प्लगचा) आकार, पिनांची संख्या, बोल्टची भोकं शेजारी ठेवून जुळवा. नेणं शक्य नसेल तर कपलरचा जवळून फोटो काढा.

मोटर असेल तर पैसे देण्याआधी दुकानातच बॅटरीला लावून काच चारही बाजूंना फिरते का ते पाहा. मिटण्याचा सांधाही हलवून बघा. तो ढिला असेल तर हायवेवर आरसा थरथरतो आणि मागचं वाहन धड दिसत नाही. असा मिरर फुकटातही घेऊ नये. रंगाची मात्र चिंता नको, कव्हर रंगवून मिळतं.